गाडीलाही सातबारा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुंठाभर जमीन घेणारा माणूस सातबारा, फेरफार आणि इतर हक्कांतला बोजा पाहिल्याशिवाय इसार देत नाही. तोच माणूस पाच-सात लाखांची जुनी मोटार घेताना मात्र इंजिनाचा आवाज ऐकतो, रंगावरून हात फिरवतो, ओळखीच्या मेकॅनिकला जवळच्या फाट्यापर्यंत एक चक्कर मारायला लावतो आणि ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, कुठे टचिंगसुद्धा नाही’ या शब्दांवर टोकन देऊन मोकळा होतो. (बाजारात डॉक्टरांच्या इतक्या गाड्या येतात, की डॉक्टरमंडळी दर सहा महिन्यांनी गाडी बदलत असावीत.) मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे दाव्यातील नुकसान तपासणारा, म्हणून कोल्हापूर, सांगली आणि रत्नागिरी जिल्ह्यांत मी बरीच वर्षे अपघातात आणि पुरात सापडलेल्या गाड्या तपासल्या. त्या गाड्यांचे पुढे काय होते, हे खरेदीदाराला कळण्याची सोय आपल्याकडे किती तोकडी आहे, याकडे आपल्या दैनिकाद्वारे परिवहन विभागाचे आणि विमा नियामकाचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गाडीचा इतिहास नोंदलेलाच नसतो, अशी स्थिती नाही. तो पाच ठिकाणी विखुरलेला असतो. नोंदणीचा दिनांक, आतापर्यंतच्या मालकांची संख्या, फिटनेस, पीयूसी, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा ही माहिती केंद्र सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत असते. अपघाताचे आणि पुराचे दावे विमा कंपन्यांकडे असतात आणि तिथून ते ‘इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो’ या, विमा नियामकाने २००९ मध्ये उभ्या केलेल्या संस्थेकडे जमा होतात. सर्व्हिसिंग किती किलोमीटरला झाले, कोणते भाग बदलले, हे उत्पादक कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात असते. चोरीच्या गाड्यांची नोंद पोलिसांकडे आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असते, तर थकलेल्या हप्त्यांचा हिशेब कर्ज देणाऱ्या बँकेकडे असतो. यांपैकी पहिले आणि चौथे दालन सामान्य माणसाला बऱ्यापैकी उघडे आहे. दुसऱ्याला कुलूप आहे, तिसरे ओळखीवर उघडते आणि पाचव्याची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात असते.

जे उघडे आहे, त्याचाही उपयोग फार थोडे लोक करतात. ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला, तर मालकाचे नाव अर्धवट झाकलेले दिसते, पण गाडीचा वर्ग, इंधन, पहिल्या नोंदणीचा दिनांक आणि विमा व पीयूसीची मुदत दिसते. ‘पहिल्या मालकाची’ म्हणून दाखवलेली गाडी नोंदीत तिसऱ्या हातात असल्याचे किंवा आज पांढऱ्या पाटीवर फिरणारी मोटार एके काळी पिवळ्या पाटीची टॅक्सी असल्याचे कागदांच्या नीट तपासणीतूनच बाहेर येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा, चेसीचा आणि इंजिनाचा नंबर टाकून ती चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे तपासून तसा दाखलाही काढता येतो. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रलंबित ई-चलने दिसतात. या सगळ्याला अर्धा तासही लागत नाही. कर्ज असलेल्या गाडीच्या बाबतीत विकणारा ‘हप्ते केव्हाच फिटले’ असे सांगतो आणि ते खरेही असते. पण बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओत बोजा उतरवलेला नसेल, तर गाडी नावावर होत नाही. बँकेच्या या पत्राची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, ती उलटली की पुन्हा शाखेचे उंबरे झिजवावे लागतात. डुप्लिकेट आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) दिसली, तर मूळ आरसी कुठे गेली, याचे पटण्याजोगे उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत, एवढे तरी मी आग्रहाने सांगेन.

माझ्या पत्राचा मुख्य रोख मात्र कुलूप असलेल्या दुसऱ्या दालनावर, म्हणजे विम्याच्या नोंदींवर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि सांगलीत कृष्णेचे पाणी बाजारपेठेत शिरले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूण शहर बुडाले. दोन्ही वेळी इमारतींच्या तळघरांत आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. विम्याच्या हिशेबात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे ज्याला आपण आयडीव्ही म्हणतो तिच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की ती गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला भरपाई मिळते आणि त्याच्यापुरता विषय संपतो. गाडी बोलीवर विकली जाते, ती घेणारा व्यापारी तिला धुऊन, पुसून, नवे सीट कव्हर घालून, जमेल तेवढे वायरिंग बदलून चालू करतो आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या गाड्यांच्या बाजारात उभी राहते. तिच्या आरसीवर या प्रवासाचे एक अक्षरही नसते.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ असे सांगते, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे आणि नोंदणी रद्द व्हावी. परंतु टोटल लॉस हा पैशाचा हिशेब असतो, गाडी कायमची निकामी झाल्याचा दाखला नसतो; त्यामुळे मालक कळवत नाही, विमा कंपनी आग्रह धरतेच असे नाही आणि गाडीची नोंदणी जिवंत राहते. ही फट दुहेरी घातक आहे. पहिला धोका बुडालेली गाडी गळ्यात पडण्याचा आहे. दुसरा त्याहून गंभीर आहे: पूर्ण चेंदामेंदा झालेल्या गाडीची केवळ आरसी आणि चेसी नंबर यांसाठी खरेदी होते आणि तो नंबर त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या चोरीच्या गाडीवर ठोकला जातो. अशा गाडीचे कागद तपासले तर ते चोख निघतात, कारण ते खरोखरच खरे असतात. खोटी असते ती गाडी. म्हणून चेसी नंबर नुसता वाचून भागत नाही. तो पत्र्यावर जिथे कोरलेला असतो तिथला रंग, आजूबाजूचे वेल्डिंग आणि अक्षरांची ओळ निरखून पाहावी लागते. अक्षरे एका रेषेत नसतील किंवा तेवढ्याच भागाला ताजा रंग असेल, तर सौदा तिथेच थांबवावा.

बुडालेली गाडी ओळखण्यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. कितीही चकचकीत केलेल्या गाडीत पट्ट्याच्या त्या टोकावर, जो एरवी कधी बाहेर येत नाही, गाळाची फिकट तपकिरी रेघ राहून जाते. पुढच्या सीटखालचे रूळ आणि त्यांचे बोल्ट बॅटरी लावून पाहावेत. स्टेपनीच्या खोलगट जागेत बारीक वाळू किंवा गंज आहे का, हे बोट फिरवून पाहावे. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत एसी लावल्यावर येणारा कुबट वास अत्तराच्या बाटलीने लपवलेला असतो, म्हणून गाडीत शिरताच सुगंधाचा भपकारा आला तर सावध व्हावे. एअरबॅगचे नियंत्रण करणारा डबा बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, जमिनीलगत बसवलेला असतो आणि पाणी आत शिरले की तो लवकर खराब होतो. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर दिवा मुद्दाम बंद केलेला असण्याची शक्यता असते. मग ती उशी अपघाताच्या वेळी उघडेल, याची हमी कोण देणार? मी तपासलेल्या एका डिझेल हॅचबॅकमध्ये गालिचे, सीट, दारांचे अस्तर असे सगळे नवेकोरे होते आणि फ्यूजच्या डब्यातील तांब्याच्या टोकांवर मात्र हिरवा थर चढलेला होता. विकणारा मला एसीचा गारवा दाखवत होता.

अपघाताच्या खुणाही अशाच असतात. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असतील, तर तो भाग कधीतरी उतरवलेला असतो. एकाच गाडीच्या काचांवर निर्मितीची वेगवेगळी वर्षे कोरलेली असतील, तर कोणती काच बदलली हे समजते. बंपर किंवा फेंडर बदललेला असणे यात काही विशेष नाही, आपल्या रस्त्यांवर ते व्हायचेच. मात्र पिलर (छप्पर पेलणारे खांब), अ‍ॅप्रन (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा) किंवा छप्पर कापून जोडलेले असेल, तर त्या गाडीत कुटुंबाला बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आजकाल जुन्या गाड्या विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांची दालने शेकडो मुद्द्यांच्या तपासणीचा अहवाल हातात ठेवतात. तो अहवाल उपयोगी असतो, पण त्यात गाडीची आजची प्रकृती असते. तिचे मागचे दुखणे त्यात सापडेलच असे नाही.

मीटर मागे फिरवण्याचा धंदा तर इतका उघड झाला आहे, की त्याबद्दल कोणाला लाजही वाटत नाही. डिजिटल मीटर आल्यावर ही फसवणूक थांबेल अशी समजूत होती, ती उलटी ठरली. पूर्वी मीटर खोलावे लागे, आता संगणक जोडला की काही मिनिटांत काम होते. मीटर ४२,००० दाखवत असेल आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झालेले, स्टिअरिंगचे कातडे सोललेले आणि चालकाच्या सीटची कड बसलेली असेल, तर कशावर विश्वास ठेवायचा, हे सांगण्याची गरज नाही. याची खात्री करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंद. तिथे चेसी नंबरवरून प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचे किलोमीटर निघतात. परंतु ही माहिती खरेदीदाराला द्यायची की नाही, हे त्या त्या काउंटरवरील माणसाच्या मर्जीवर असते. मालकाला सोबत घेऊन गेलात तर बहुधा मिळते, एकटे गेलात तर ‘सिस्टीम बंद आहे’ हे उत्तर तयार असते.

बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना मीटरच्या आजवरच्या नोंदींचा ‘कार-पास’ देणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरील गाडीची दरवर्षी ‘एमओटी’ तपासणी होते आणि त्या वेळी मीटरवर असलेला आकडा सरकारी संकेतस्थळावर, केवळ गाडीचा नंबर टाकून, कोणालाही फुकट पाहता येतो. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांना विचारले, तर ते ही तपासणी किती सहज करतात, हे कळेल. आपल्याकडेही गाडी वर्षातून एकदा तरी पीयूसी केंद्रावर जातेच आणि तिच्या नंबरप्लेटचा फोटोही निघतो. त्याच वेळी मीटरचा फोटो घेऊन तो आकडा सर्वांना दिसेल असा ठेवायला नवे कार्यालय उघडावे लागणार नाही. विम्याचे नूतनीकरण आणि मालकी हस्तांतर या दोन वेळांनाही तीच नोंद घेता येईल. पीयूसी केंद्रे कशी चालतात, हे मला ठाऊक नाही असे नाही. तरीही वर्षागणिक नोंदलेले चार-पाच आकडे एकाच वेळी खोटे पाडणे हे मीटर फिरवण्याइतके सोपे नसते.

आता गाडी नावावर करण्याविषयी. सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म, म्हणजे मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, घेऊन गाडी ताब्यात देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. एजंट गाडी घेतो, नाव न चढवता महिनोन्‌महिने वापरतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला थेट मूळ मालकाच्या नावावरून विकतो. मधले हात कागदावर येतच नाहीत. कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील निकालात स्पष्ट केले आहे, की गाडी एकामागोमाग कितीही जणांना विकली गेली असली, तरी अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच भरपाईच्या दृष्टीने मालक. म्हणजे पूर्वेतिहासाची गरज विकणाऱ्यालाही तेवढीच आहे: आपण विकलेली गाडी आज कोणाच्या नावावर आहे, हे त्याने स्वतः पाहायला हवे. विम्याचेही तसेच आहे. तिसऱ्या पक्षाचे (थर्ड पार्टी), म्हणजे अपघातात इतरांच्या झालेल्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण नव्या मालकाने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि विकणाऱ्याने साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, त्याच्याबरोबरच राहतो. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा कितीतरी दाव्यांच्या फायली माझ्यासमोर आल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांचा शेवट खरेदीदाराच्या पदरी निराशा टाकूनच झाला.

मधल्या हातांना कागदावर आणण्यासाठी केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून नियम लागू केले आहेत. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घ्यायचे, मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी द्वारे पाठवायची आणि त्या दिवसापासून विक्री होईपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. गाडी कधी, कशासाठी बाहेर काढली, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्याने ठेवायची, असेही त्यात आहे. नियम उत्तम आहेत. महामार्गाच्या कडेला पत्र्याची शेड आणि रंगीत फुगे लावून बसलेल्या किती जणांकडे हे अधिकारपत्र आहे, याची तपासणी आरटीओच्या भरारी पथकाला एका दुपारी करता येईल. त्यातच जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावरील जीएसटी सरसकट १८ टक्के झाल्याने ‘बिल नको, मालकाकडून थेट घेतल्याचे दाखवू’ हा आग्रह सुरू झाला आहे. ग्राहकाने त्याला बळी पडू नये, कारण विक्रेत्याचे बिल नसेल, तर व्यवहार दोन खासगी व्यक्तींमधला ठरतो आणि ग्राहक आयोगात दाद मागण्याची वाट जवळपास बंद होते.

दुसऱ्या राज्यातून आणलेल्या गाड्यांबाबत थोडक्यात लिहितो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबत गेली अनेक वर्षे निर्बंधांचे आदेश निघत राहिल्यामुळे तिकडच्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात येतात. अशी गाडी घेताना मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, फॉर्म २८, खरे आहे का, हे तपासावे आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स किती भरावा लागेल, हे किंमत ठरवण्यापूर्वीच आरटीओत विचारावे. नाहीतर स्वस्त गाडी महाग पडते.

माझी मागणी छोटी आहे. ज्या गाडीचा टोटल लॉस म्हणून दावा मंजूर झाला, तिची तशी खूण विमा कंपनीने ठरावीक दिवसांत इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोमार्फत ‘वाहन’ प्रणालीत करावी, ती खूण अ‍ॅपवर कोणालाही दिसावी आणि अशी गाडी मोटार वाहन निरीक्षकाच्या प्रत्यक्ष तपासणीशिवाय दुसऱ्याच्या नावावर होऊ नये. पुरामुळे की अपघातामुळे, एवढे कारणही त्यात असावे. अपघातातील वाहनाचा विमा कोणत्या कंपनीकडे आहे, हे शोधण्याची सोय ब्युरोने लोकांसाठी पूर्वीच केलेली आहे, त्यामुळे नंबरवरून माहिती देण्याचे तंत्र नवे नाही. मालकाच्या खासगीपणाचा मुद्दा यावर काढला जातो. परंतु दावा कोणी केला, किती रुपये मिळाले, हे कोणी विचारत नाही. गाडी पाण्यात बुडाली होती, ही त्या गाडीची माहिती आहे. आणि ज्याने आपली मोटार जपून वापरली, वेळेवर सर्व्हिसिंग केले, त्याला तर अशा नोंदीने चार पैसे जास्तच मिळतील. आज त्याची गाडी आणि चिपळूणच्या पुरातून काढलेली गाडी एकाच भावाने मोजली जाते.

जाता जाता एक विनंती आपल्यालाही. आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत दर रविवारी जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांच्या जाहिराती असतात. त्या स्वीकारताना विक्रेत्याच्या अधिकारपत्राचा क्रमांक मागावा आणि तो जाहिरातीतच छापावा. नुसता मोबाइल नंबर देणाऱ्या विक्रेत्याची जाहिरात परत पाठवायला कायद्यातील कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमा सर्व्हेअर, कोल्हापूर